माईची उशीपट्टी

माई कुणाच्याही लॉजात शिरली की आधी उशी हुंगायची. नमस्कार नाही, 'कसं काय' नाही. दाराशी चपला काढायची, सरळ पहिल्या खोलीत जायची, पलंगावरची उशी दोन्ही हातांनी उचलायची आणि नाक खुपसून असा काही श्वास ओढायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई आपलीच झडती घेते आहे. मग उशी जागेवर ठेवून खोळ सारखी करायची आणि निकाल द्यायची. माझ्या लॉजात ती पहिल्यांदा आली तेव्हा मी काउंटरवर चहा पीत होतो. मी उठून उभा राहीपर्यंत बाई खोलीतून बाहेर आलीसुद्धा. म्हणाली, "इथं दारू पेलेला माणूस झोपला होता. त्याच्याआधी बाम चोळणारी म्हातारी. खोळ कधी धुतली होती बापा, मागच्या पोळ्याले?"

"कालच धुतली, माई," मी म्हणालो.

"तोंड खोटं बोलते रे. उशी नाई बोलत," असं म्हणून तिनं माझाच चहा उचलला आणि पिऊन टाकला. आमची ओळख झाली ती अशी.

माझा लॉज सोनाळ्याला, रस्त्यावरच. नाव मैत्री लॉज. माई लॉजवाल्यांना त्यांच्या नावानं कधी हाक मारत नसे, लॉजच्या नावानं मारायची. त्यामुळे माझ्यासारख्या मिशीवाल्या माणसाला भर बाजारात "काऊन रे मैत्री, कुठी चाल्ला?" असं ऐकावं लागायचं आणि भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तिचा स्वतःचा लॉज जळगाव जामोदला, एसटी स्टँडच्या बाजूला. नवरा अकाली गेला तेव्हा तो लॉज म्हणजे पत्त्याचा अड्डा होता. खाली दारू, वर जुगार, आणि महिन्यातून एकदा पोलीस. माईनं नवऱ्याचं दिवसपाणी उरकलं आणि लॉजातल्या सगळ्या गाद्या-उशा रस्त्यावर आणून पेटवून दिल्या. पाहायला अर्धं गाव जमलं होतं. त्यात तिचा दीर होता. तो म्हणाला, "वहिनी, हे चांगलं नाई दिसत." माई म्हणाली, "तू बी त्याच गाद्यांवर लोळत होता न? मंग थोडा दूर उभा राय, नाई तं तू बी पेटशील."

तिथून ती हुंगायला लागली. कापसाचे व्यापारी, औषधांचे एमआर, लग्नाचे पाहुणे, सगळे तिच्याकडे उतरायचे, कारण बायकापोरांना घेऊन उतरावं असा तेवढाच लॉज होता. पण एखाद्याच्या उशीला दारूचा वास आला की संपलं. एकदा नवरदेवाच्या सख्ख्या मामाची बॅग तिनं वऱ्हाडासमोर पायरीवर आणून ठेवली. मामा रडकुंडीला आला. नवरदेवाचा बाप हात जोडून उभा. माई म्हणाली, "लग्न तुमच्या पोराचं हाये, उशी माही हाये." मामानं ती रात्र स्टँडवरच्या बाकड्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायला तो डास चावलेलं तोंड घेऊन आला.

आता तुम्ही म्हणाल, असली खाष्ट बाई, तिच्याबद्दल लिहायचं कशाला? लिहायचं यासाठी की आमच्या भागात पर्यटक नावाचा प्राणी तिनं आणला. आमच्या पाठीशी सातपुडा, तिथं अंबाबरव्याचं जंगल, त्यात वाघ, अस्वलं, सगळं काही. पण दुनिया जाणार अकोटकडून मेळघाटात. आमच्या रस्त्यानं यायची ती फक्त धूळ. सोनाळ्याकडून जंगलात सोडणारं गेट झालं, जीपगाड्या लागल्या, तरी कुत्रं फिरकत नव्हतं. तेव्हा माईनं आम्हा सगळ्या लॉजवाल्यांना तिच्या वरच्या हॉलमध्ये बोलावलं आणि विचारलं, "वाघ काय तिकडच्यायनं खुट्याले बांधून ठेवला हाये?"

आम्ही हसलो.

"हसून काय राह्यले? तो आपल्या बाजूनं बी हिंडते. पण लोकाईले सांगते कोण? तुमी इथी माशा मारून राह्यले अन् तिकडं त्याईचे बोर्ड पार नागपूरपर्यंत लागले. सांगायले पैसा लागते. सरकार देईन तेव्हा देईन. आपण आपल्या लॉजातून पट्टी काढू."

पट्टी आधी खोलीमागं ठरली. ठरली आणि महिन्याभरात सगळ्यांच्या खोल्या आटल्या! कुणी मधली प्लायवूडची भिंत काढून दोन खोल्यांची एक केली, कुणी खोलीत कांद्याची पोती टाकून तिला गोदाम म्हणायला लागला. एकानं तर दारावरचे नंबरच पुसले. माईनं सगळं ऐकून घेतलं. पुढच्या बैठकीत म्हणाली, "मले खोल्या नोका सांगू. उशा दाखवा. माणूस खाटेवर झोपते, खाली झोपते, बाकड्यावर झोपते, पण डोक्याखाली त्याले उशी लागतेच." त्या दिवसापासून पट्टी उशीमागं झाली. आमच्याकडे ती उशीपट्टी म्हणूनच ओळखली जायची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माई एसटीनं गावोगाव हिंडायची आणि उशा मोजायची. ज्याची पट्टी थकली, त्यानं बैठकीत सर्वांसमोर मांडीवर उशी घेऊन बसायचं, हा तिचा कायदा. चांगला साठीचा माणूस, गळ्यात सोन्याचा गोफ, आणि मांडीवर उशी. तो काही बोलायला गेला की माई ओठांवर बोट ठेवायची. "हळू बोल रे. बाळ झोपलं हाये." हॉल खदखदून हसायचा. मीही एकदा तसा बसलो आहे. खरं सांगतो, ती उशी फेकून तिच्या तोंडावर मारावी असं वाटलं होतं.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. त्या पट्टीतून तिनं कधी स्वतःला चहासुद्धा पाजला नाही. पैसा सगळा जाहिरातीत जायचा. फाट्यावर तिनं भला मोठा बोर्ड उभा केला. वर झेप घेणारा वाघ आणि खाली पट्टी देणाऱ्या प्रत्येक लॉजचं नाव, बाणासकट. वाघ काढताना ती पेंटरच्या डोक्यावर उभी होती. "असा काय काढला बे मेंगळा? उपाशी ठेवला काय त्याले?" कागद छापून ते तिनं एसटीच्या कंडक्टरांना वाटायला दिले. अकोल्याच्या, अमरावतीच्या प्रदर्शनात स्टॉल मांडला. तिथं ती स्वतः उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून विचारायची, "वाघ पाह्यला काय? मंग कायले जगून राह्यला?" ती स्वतः मात्र जंगलात एकदाही गेली नाही. विचारलं तर म्हणायची, "मले वाघ पाहून काय करायचं हाये? तो काय लॉजात उतरते?"

माझे वडील वारले तेव्हाची गोष्ट. शेवटची काही वर्षं ते लॉजच्या काउंटरमागंच झोपायचे. माई भेटायला आली. माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली, खरोखरची रडली, नाक लाल होईपर्यंत. आईला बळेच चार घास खाऊ घातले. मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो, तर डोळे पुसत पुसत म्हणाली, "मैत्री, काउंटरमागची उशी आता मोजणीतून काढली मी. या महिन्यापासून एका उशीची पट्टी कमी दे." राग यावा की नमस्कार करावा? माई अशी होती. तिच्या हिशोबी ती माझ्यावर दया करत होती.

हे सगळं मी हसत सांगू शकतो. आता नूरखाँचाचाचं सांगतो, ते मला हसत सांगता येत नाही.

नूरखाँचाचा आमच्या सोनाळ्याचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरणं हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. आमच्या सगळ्यांच्या लॉजांतल्या उशा त्याच्याच हातच्या. माईच्या लॉजातल्यासुद्धा. अंगणात बसून धनुकलीनं कापूस पिंजायला लागला की त्याच्या भुवया, दाढी, पापण्या सगळं पांढरं व्हायचं. पण फोमच्या गाद्या आल्या आणि त्याचं काम सुटत गेलं. मूलबाळ नाही. घरात तो आणि जैतूनचाची. अशात माईनं आमच्या गावात येऊन चौकात भाषण दिलं, की पर्यटक येऊन राह्यले, ज्याच्या घरी जागा असेल त्यानं खोली काढा, आपण जाहिरात करू. गावानं ऐकलं आणि गाव घरी गेलं. एकट्या नूरखाँचाचानं ते मनावर घेतलं. कापूस ठेवायच्या दोन खोल्या त्यानं रिकाम्या केल्या, चुना मारला, खाटा विणल्या. नव्या रुईच्या गाद्या-उशा भरल्या. चाचीनं खोळींना कडेनं झालर लावली. दारावर खडूनं नाव लिहिलं, 'राहत लॉज'. राहत म्हणजे आराम. मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेला होता. "बेटा, आता पिंजायचं काम बंद. आता मेहमान येतीन, त्याईले जंगलचा रस्ता दाखवीन. चाची रोट्या बनवीन. हमारा बुढापा निकल जाएगा."

त्याच्यासाठी सगळं त्या बोर्डावर अवलंबून होतं. माझा लॉज रस्त्यावर, मला नाव नसतं तरी गिऱ्हाईक दिसलं असतं. त्याचं घर मशिदीमागच्या बोळात, आतल्या अंगाला. फाट्यावर नाव आणि बाण नसेल तर तिथं कोण मरायला जाणार? म्हणून पहिल्या महिन्याची पट्टी त्यानं उशा भरायच्या आधी देऊन टाकली, आणि पेंटरनं 'राहत लॉज' लिहिलं तेव्हा तो आणि चाची सायकलरिक्षा करून ते पाहायला फाट्यावर गेले होते. चाची तिथं उभी राहून बोर्डाकडे पाहत नुसती हसत होती म्हणे.

पण गिऱ्हाईक लगेच कुठलं येतं? तेव्हा पावसाळा, जंगल बंद. दुसऱ्या महिन्यात पट्टी मागायला माई आली. सोनाळ्यात मोजणीला तिला गाडीवरून फिरवायचं काम माझ्याकडे असायचं, म्हणून मी सोबत होतो. राहत लॉजच्या खोलीत शिरलो तर खाटा होत्या, गाद्या होत्या, उशी एकही नव्हती. माईनं गादी हुंगली. म्हणाली, "नवी रुई हाये. उशा कुठी हायेत, नूरखाँ?"

बाकी सगळ्यांना ती लॉजच्या नावानं बोलवायची. त्याला मात्र कायम 'नूरखाँ'च म्हणायची. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

"अजून भरल्या नाई, माई," चाचा म्हणाला आणि खाली बघायला लागला. त्याला धड खोटंही बोलता येत नव्हतं.

"पिंजाऱ्याच्या घरी उशी नाई? मंग कुंभाराच्या घरी मडकं बी नसन!" माई हसली आणि बाहेर पडली. समोर चाचाच्या बहिणीचं घर. माईनं तिथं पाणी मागितलं, आत जाऊन बसली, आणि पाठ टेकली ती चादरीत बांधलेल्या गाठोड्याला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं गाठोडं सोडलं. झालरीच्या सगळ्या उशा त्यात. माईनं एक उचलली, हुंगली. दुसरी हुंगली. सगळ्या हुंगल्या. मग म्हणाली, "कोऱ्या हायेत. एकाई डोक्याले लागल्या नाईत."

मला वाटलं, सुटला चाचा. चाचालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याचं तोंड उजळलं. म्हणाला, "वही तो, माई! ज्या तकियावर कोनी डोकंच ठेवलं नाई, त्याची पट्टी कशी द्यायची? पाहुना आला का दुसऱ्या दिवशी देतो. खुदा की कसम."

"तू म्हणते ते खरं हाये," माई म्हणाली. "पन तू लपवल्या."

"गलती झाली, माई."

"साऱ्या तालुक्याच्या लॉजात तुह्या हातच्या उशा हायेत. तूच लपवल्या तं बाकीच्याईले मी कोण्या तोंडानं सांगू?"

बैठकीत तिनं जाहीर केलं, राहत लॉजचं नाव बोर्डावरून कमी. मी उठलो आणि भांडलो. म्हणालो, माई, या हॉलमध्ये उशा लपवल्या नाहीत असा एक माणूस दाखवा. त्यांना तुम्ही मांडीवर उशी देऊन सोडता. याला एवढी मोठी सजा का? यानं तर तुमच्या शब्दावर धंदा सोडला! माई म्हणाली, "याच्याचसाठी. त्याईले मी सोडलं म्हणून यानं लपवल्या. आता याले नाई सोडत म्हणजे पुढं कोणी लपवणार नाई." मोठमोठे लॉजवाले, ज्यांच्या उशा माळ्यावर दडलेल्या होत्या, ते सगळे माना हलवत होते. बरोबर आहे, माई, बरोबर आहे. भोसडीचे! दुसऱ्याची मान कापली जात असली की लोकांना नियम किती पटतात.

नाव पुसायच्या दिवशी चाचा फाट्यावर गेला. एकदा शेवटचं हात जोडून बघू म्हणून गेला. पेंटर काळ्या रंगाचा डबा घेऊन आला होता, माई छत्री घेऊन उभी होती. चाचानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आलाच हायेस तं शिडी धर. खाली चिखल हाये, पेंटर पडीन." आणि नूरखाँचाचानं शिडी धरली. स्वतःच्या लॉजचं नाव पुसून होईपर्यंत धरून उभा राहिला. मला हे पेंटरनं सांगितलं. सांगताना त्यानं शिवी दिली, पण ती माईला दिली की चाचाला, ते मला कळलं नाही.

त्या दिवाळीत पर्यटक आले. माईची जाहिरात लागू पडली! अकोला, अमरावती, पार नाशिकच्या गाड्या. माझ्या खोल्या भरल्या, काउंटरमागं जिथं वडील झोपायचे तिथंही मी एका फोटोग्राफरला झोपवलं. गावात चहाच्या टपऱ्या वाढल्या, पोरं गाइड झाली. बोळातल्या राहत लॉजकडे एक चाक वळलं नाही. चाचा रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात करायचा, "रूम है साहब, घर जैसा है." शहरातली माणसं, ती काचा वर करायची. मी माझ्याकडची एक-दोन कुटुंबं त्याच्याकडे पाठवली, पण बोळ बघून ती परत आली. म्हणाली, बोर्डावर तर नाव नाही, ही जागा कायद्याची आहे ना? माईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पाय, बोर्डाची किती किंमत हाये ते. आता समजलं लोकाईले."

वर्षभरानं बाहेरच्या एका कंपनीनं गेटच्या अलीकडे जागा घेऊन रिसॉर्ट टाकलं. तंबू, पण तंबूत एसी. आत पोहण्याचा हौद. आम्ही सगळ्यांनी मिळून काढलेल्या जाहिरातीवर लोक येत होते आणि त्या तंबूंत उतरत होते. आमच्या खोल्या पुन्हा रिकाम्या होऊ लागल्या. आणि त्या रिसॉर्टच्या फाटकावर वॉचमन म्हणून कोण लागलं? नूरखाँचाचा. गणवेश ढगळ, टोपी कानांवर आलेली. मला पाहून त्यानं सॅल्यूट ठोकला आणि स्वतःच लाजला. "काय करू बेटा, चाचीची दवाई लागते."

माई तिथं पट्टी मागायला गेली. जाणारच होती. त्या एका रिसॉर्टात आम्हा सगळ्यांच्या मिळून होतील त्याहून जास्त उशा होत्या. आणि आमच्यातले लोक बोलायला लागले होते, की ते देत नाहीत तर आम्ही का द्यायचं? तिचं सगळं उभं केलेलं त्या फाटकावर अडलं होतं. फाटकावर तिला नूरखाँचाचानं अडवलं. म्हणजे त्यानं आधी सलाम केला, स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं, मग आत फोन लावला. मॅनेजर पोरगेलासा होता. बाहेर येऊन गोड हसला आणि म्हणाला, "मॅडम, हमारा प्रमोशन हम खुद करते हैं." माई म्हणाली, "अन् फाट्यावरचा वाघ काय तुह्या बापानं काढला?" तो पुन्हा हसला आणि आत गेला. आत जाताना चाचाला सांगून गेला, बुकिंग नसलेल्या कुणालाही यापुढे आत सोडायचं नाही.

त्यानंतर माई दर सोमवारी तिथं जायला लागली. उन्हात, एसटीनं, उतरून चालत. चाचा तिला सावलीत बसवायचा, घरून आणलेल्या भाकरीतली अर्धी द्यायचा. ती घ्यायची. खाताना म्हणायची, "नूरखाँ, दाढी तरी कर. पाहुने येऊन राह्यले, त्याईले वाटते भिकारी बसवला फाटकावर." मी एकदा विचारलं, "चाचा, हिला का बसवता?" तो म्हणाला, "औरत जात आहे, बेटा. अन् बोर्ड तिच्याच हातात आहे न. कधी तं तिचं मन पलटीन." म्हणजे बघा! एवढं होऊनही त्या माणसाच्या मनात तो बोर्ड होता. लॉज पुन्हा चालू होईल, हा फाटकावरून सुटेल, चाची रोट्या करेल.

एका सोमवारी दुपारी चाचा फाटकामागं नमाजला उभा होता. माईनं कडी काढली आणि आत गेली. सरळ पहिल्या तंबूत. तिथं पुण्याची कुणी बाई दुपारची झोपली होती. तिच्या डोक्याखालची उशी माईनं ओढून घेतली आणि हुंगली! बाई किंचाळली, नवरा धावला, माणसं गोळा झाली. माई उशी धरून सगळ्यांना ओरडून सांगत होती, "फोमची हाये! फोमची! याच्यात माणसाचा वास बी राहत नाई!" दोघांनी तिला धरून बाहेर आणलं. संध्याकाळच्या आत नूरखाँचाचाचा गणवेश काढून घेतला. तो घरच्या कपड्यांत, हातात डबा धरून, माझ्या लॉजसमोरून चालत गेला. मी हाक मारली, त्यानं मागं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जळगाव जामोदला गेलो. रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती. माई काउंटरवर बसून खोळी घडी करत होती. मी म्हणालो, "माई, तुमच्यामुळं चाचाची नोकरी गेली. आधी लॉज गेला, आता नोकरी गेली. त्यानं तुम्हाला भाकरी दिली होती, माई!"

तिनं हातातली घडी पूर्ण केली. म्हणाली, "मंग? त्याले सांगतलं होतं न, कोणाले आत सोडू नोको म्हणून? फाटक सोडून गेला कायले? चूक त्याची हाये, मैत्री. मी त्याच्या जागी असती तं मले आत येऊ देल्लं नसतं."

तिच्या डोळ्यांत कुठंही खोट नव्हती. तिला ते मनापासून तसंच वाटत होतं. त्यानंतर मी तिच्याशी बोललो नाही. हळूहळू सगळ्यांनीच पट्टी बंद केली. कुणी भांडलं नाही, फक्त देणं सोडलं. मोजणीच्या सोमवारी ती यायची तेव्हा लोक दारं लावून घ्यायचे. तिच्या लॉजातला नोकर सांगायचा की बाई दर महिन्याला स्वतःच्या उशा मोजते, स्वतःची पट्टी स्वतःच काढून डब्यात ठेवते. त्या डब्यातून तिनं एकटीनं आणखी एकदा कागद छापले आणि स्टँडवर उभी राहून वाटले. कागदावर आम्हा सगळ्यांच्या लॉजांची नावं होती, पट्टी न देणाऱ्यांचीसुद्धा. राहत लॉजचं नव्हतं.

उन्हाळ्यात माई गेली. छातीत दुखलं, अकोल्याला नेईपर्यंत संपलं. मी मातीला गेलो नाही, पण सोनाळ्यात बातमी कळल्यावर मात्र उठून बोळात गेलो. चाचाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. तो अंगणात कुणाची तरी जुनी रजई उसवून बसला होता. दोन्ही खोल्या त्यानं वीटभट्टीवरच्या मजुरांना राहायला दिल्या होत्या. चाची आत खोकत होती. मी सांगितलं, "चाचा, माई वारली."

त्यानं हातातलं काम थांबवलं, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत दुआ म्हटली. मग माझ्याजवळ सरकला आणि आतल्या खोलीकडे एक नजर टाकून, चाचीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "बेटा, आता बोर्डावर आपलं नाव लिहून देतीन का?"

"चाचा," मी म्हणालो, "तो बोर्ड आता कुठं राहिला? त्यावर रिसॉर्टवाल्यांनी स्वतःचा फ्लेक्स ठोकला. आणि खोल्याही तुम्ही देऊन टाकल्या."

"मजुराईले काय, दुसरी जागा भेटते. फ्लेक्सच्या खाली जरा जागा असन न? तू बोलून तं पाय. माई होती तोपर्यंत मी कोनाले बोललो नाई. आता तं माई नाई राह्यली."

माई जिवंत असताना मला तिचा पुष्कळ राग आला होता. पण ती मेली त्या दिवशी, त्या अंगणात उभा असताना जेवढा आला, तेवढा कधीच आला नव्हता.